पाते परके, साज आपला



काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी मुलुंडला एका परिचितांच्या घरी जाण्याचा योग आला. देवघरासमोर पाटावर पोथ्या, हिशेबाच्या वह्या आणि मुलांच्या कंपासपेट्या पूजेला मांडलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी लाल कापडावर एक लांब, सरळ तलवार होती. चाळीतल्या दोन खोल्या सोडून हे कुटुंब नव्या सदनिकेत राहावयास आले तेव्हा माळ्यावरचे पुष्कळ सामान मोडीत निघाले, पण ही तलवार मात्र त्यांनी बरोबर आणली. "मास्तर, पणजोबांच्याही आधीपासूनची आहे ही. अस्सल मराठी तलवार!" गृहस्थ मोठ्या अभिमानाने म्हणाले.

तलवार चकचकीत होती, आणि तिच्या त्या चकाकीनेच मी अस्वस्थ झालो. पात्यावर पॉलिशकागद फिरवलेला स्पष्ट दिसत होता. मूठ नवी, पितळेची, बाजारात समारंभासाठी विकत मिळते तशी होती. मी पाते उजेडाकडे तिरपे धरले. मुठीपासून वीतभर अंतरावर पितळी तारेच्या चार-सहा रेघा झिजून शिल्लक राहिल्या होत्या. लक्ष देऊन पाहिले की त्या रेघांतून चार पायांवर धावणारा एक प्राणी उभा राहतो. तो लांडगा होता. ही खूण जर्मनीतल्या सोलिंगेन गावच्या कारागिरांची.

मी हे सांगितले तेव्हा त्या गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे ही आमची नव्हेच म्हणा की!" ते म्हणाले. मी विचारले, "अहो, जुनी मूठ कुठे आहे?" ते म्हणाले, "ती लोखंडी होती, पार गंजली होती. तिच्यावर काही पिवळ्या रेषाबिषा होत्या. भंगारवाल्याला देऊन टाकली."

बंधु-भगिनींनो, आजचे माझे सारे व्याख्यान या दोन वाक्यांतच आहे. पाते जर्मन निघाले याचे त्यांना दुःख झाले, आणि मूठ भंगारात गेली याचे काहीच वाटले नाही. खरे पाहता गोष्ट नेमकी उलट आहे. पाते परके असले म्हणून ती तलवार परकी होत नव्हती. ती मराठी आहे हे सांगणारी साक्ष त्या गंजक्या मुठीतच होती, आणि तीच त्यांनी किलोच्या भावाने विकली.

शिकारीची तलवार आणि तिचा साज

तलवारीच्या साजाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी प्रथम थोडे त्या जर्मन मुलखात जाऊ. युरोपात आणि अमेरिकेत जुन्या जर्मन शिकारी तलवारी जमविणारा एक मोठा रसिकवर्ग आहे. या तलवारीला जर्मन भाषेत 'हिर्शफेंगर' म्हणतात. शब्दशः अर्थ हरिण पकडणारा. बंदुकीने किंवा कुत्र्यांनी जायबंदी केलेल्या सांबराचा अखेरचा घाव घालून शेवट करावयाचा, हे तिचे काम. त्यामुळे ती युद्धातल्या तलवारीपेक्षा आखूड आणि कमरेला लटकवून रानात हिंडावयास सोयीची असे. अठराव्या शतकात जर्मन संस्थानिकांच्या दरबारात शिकार हा मोठा सोहळा झाला आणि ही तलवार त्या सोहळ्याचा दागिना बनली. एकोणिसाव्या शतकात तर ती सरकारी वनाधिकाऱ्यांच्या गणवेशाचा भाग झाली.

 गंमत असते ती साजात. मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची. मुठीवर ओकच्या झाडाच्या फळांच्या आकाराचे पितळी खिळे. मुठीखालच्या आडव्या दांडीची टोके हरणाच्या खुरासारखी किंवा कुत्र्याच्या तोंडासारखी घडविलेली. त्या दांडीखाली शिंपल्याच्या आकाराची एक वाटी, आणि तिच्यावर उठावाने काढलेला रानडुकरावर झेपावणारा शिकारी कुत्रा. कित्येकदा शिंगांच्या मधोमध क्रूस असलेले सांबरही दिसते. शिकाऱ्यांचा संरक्षक मानला गेलेला संत हुबर्ट, त्याच्या कथेतले हे सांबर. म्यानाला आणखी एक छोटा कप्पा, आणि त्यात लहान सुरी व काटा.

हा साज केवळ शोभेचा नाही. जाणता संग्राहक तो वाचतो. शिंपल्याची घडण पाहून काळ ठरवितो. वाटीवरचा मुकुट किंवा आद्याक्षरे पाहून संस्थान ओळखतो. मुठीचे द्रव्य पाहून मालक सरदार होता की साधा रानरक्षक, याचा अंदाज बांधतो. पाते सांगते ते एवढेच की ते कोठल्या भट्टीत तयार झाले. ते कोणाच्या कमरेला होते, हे सांगण्याचे काम साजाचे. म्हणून तिकडे साज बदललेली तलवार आणि मूळ साजाची तलवार यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

आपल्याकडेही शिकारीची चित्रे तलवारीवर आलेली आहेत. पात्याच्या पोलादातच वाघ, हरिण, हत्ती, ससाणे कोरून काढलेल्या हिंदी तलवारींना 'शिकारगाह' म्हणतात. फरक एवढाच की जर्मन कारागिराने शिकार प्रामुख्याने मुठीवर आणि वाटीवर उठविली, आणि आपल्या कारागिराने ती थेट पात्यात कोरली.

सोलिंगेनची भट्टी

आता पात्याकडे वळू. जर्मनीच्या पश्चिम भागात वुपर नावाची नदी आहे. तिच्या काठच्या टेकड्यांवर सोलिंगेन हे गाव. जवळ लोखंड, भट्टीला लागणाऱ्या कोळशासाठी रान, आणि चाके फिरविण्यासाठी वाहते पाणी, अशी तिन्ही साधने तेथे एकत्र आली. मध्ययुगापासून तेथे तलवारी होतात, आणि आजही सुऱ्या-कात्र्यांसाठी त्या गावाचे नाव जगात चालते. 1938 साली तर जर्मनीत कायदाच झाला की अन्यत्र बनविलेल्या मालावर 'सोलिंगेन' हे नाव घालता येणार नाही.

तेथील कामाची वाटणी पाहण्यासारखी होती. पाते घडविणारे लोहार वेगळे. त्याला पाणी देणारे आणि धार लावणारे वेगळे. आणि मूठ बसवून तलवार पुरी करणारे वेगळे. तिघांचे तीन संघ होते आणि एकाने दुसऱ्याचे काम करावयाचे नाही असा दंडक होता. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे लोहार पाते घडवी, शिकलगार त्याला धार आणि जिल्हई देई, आणि म्यानाचे चामड्याचे व मखमलीचे काम जिनगर करी. पाणचक्कीवर फिरणाऱ्या दगडी चाकापुढे पाते धरणारा सोलिंगेनचा धारवाला आणि आपला शिकलगार हे एकाच धंद्यातले भाऊ होत.

सोलिंगेनच्या पात्याचा मोठा गुण म्हणजे लवचिकपणा. उत्तम पोलाद आपल्याकडे नव्हते असे मुळीच नाही. तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी होणारे मुशीतले पोलाद इराणपर्यंत जात होते. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसे तिची कीर्ती दूरदूर पसरली होती. ते पोलाद कठीण होते, धार उत्तम धरी. पण लांब आणि पातळ पाते त्याचे केले तर जोराच्या आघाताने ते मोडण्याची भीती असे. युरोपचे पाते लांब, सरळ, हलके आणि वाकवून सोडले की पुन्हा सरळ होणारे. त्याच्या अंगावर लांबट पन्हळी काढलेल्या असत. त्यामुळे वजन घटे, पण ताठपणा कमी होत नसे. घोड्यावरून भोसकणाऱ्या आणि लांबून वार करणाऱ्या स्वाराला असे पाते हवेहवेसे वाटले तर त्यात आश्चर्य नाही. आपला दांडपट्टाही पुष्कळदा अशाच परदेशी पात्याचा असे.

या पात्यांवर ज्या खुणा असतात त्यांत धावता लांडगा सर्वांत प्रसिद्ध. मूळची ती खूण पासाऊ या गावची. तिचा बोलबाला पाहून सोलिंगेनकरांनी ती उचलली. पात्यावर छिन्नीने थोड्या रेघा मारावयाच्या आणि त्यांत पितळेची तार ठोकून बसवावयाची, एवढेच ते काम. म्हणून तो लांडगा कधी लांडग्यासारखा दिसतो, कधी कुत्र्यासारखा, तर कधी नुसत्या काड्यांच्या खेळासारखा. वुंडेस घराण्याची खूण म्हणजे मुकुटधारी राजाचे मस्तक. याशिवाय पापणीसारख्या दातेरी अर्धचंद्रांची एक जोडी असते. ती मूळ इटलीकडची, पण जर्मनांनी तिची नक्कल केली आणि पुढे आपल्या लोहारांनीही केली. यावरून एक धडा घ्यावयाचा तो हा, की खूण दिसली म्हणजे पाते त्या गावचेच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. नावाजलेल्या मालाची नक्कल ही काही आजची युक्ती नव्हे.

ही पाती आपल्याकडे आली कशी?

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिनेच याचे उत्तर द्यावे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी गावे जुन्या साष्टी बेटावरची. 1534 सालच्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि 1737 पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे, त्यांच्याच ताब्यात होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर पोर्तुगीज मठाचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. गोवा, चौल, वसई ही त्यांची बंदरे. सुरतेला आणि पुढे मुंबईला इंग्रज. या साऱ्या वाटांनी युरोपचा माल उतरत असे, आणि त्यात तलवारीची पातीही असत.

बहुधा तयार तलवार येत नसे, नुसते पाते येई. युरोपची मूठ आपल्या शिपायाच्या हाताला मानवत नसे. आणि पाते तेवढेच आणले तर जहाजात जागाही कमी लागे. मूठ येथे बसविली जाई.

आपल्या भाषेने ही सारी हकीकत जपून ठेविली आहे. परदेशी पात्याच्या सरळ तलवारीला आपण 'फिरंग' म्हणू लागलो. फ्रँक या युरोपीय लोकांच्या नावावरून अरबी-फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द. जर्मन धर्तीच्या तलवारीला आणखी नेमके नाव होते, 'आलेमानी'. पोर्तुगीज भाषेत जर्मनीला 'आलेमान्या' म्हणतात हे लक्षात घेतले की शब्दाचे गोत्र सापडते. जर्मन भूमीवर पाऊल न ठेवताही आपल्या शिलेदाराला तिचे नाव ठाऊक होते, ते तलवारीमुळे.

आणि हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लढवय्ये ज्या पिंजरामुठीच्या तलवारीचा आजही अभिमान बाळगतात, तिचे पाते पुष्कळदा सोलिंगेनचे असे. मूठ मात्र त्यांच्या गावच्या कारागिराची. ती तलवार स्कॉटलंडची नव्हे असे कोणी म्हणत नाही.

आपली मूठ

मराठी फिरंगेची मूठ ही बारकाईने पाहण्याची वस्तू आहे. हाताची बोटे झाकणारी जी वाकडी पट्टी असते तिला परज म्हणतात. फिरंगेच्या मुठीची परज रुंद असते आणि पुष्कळदा आतून गादी लावलेली असते, म्हणजे आघात झाला तर बोटांना इजा होऊ नये. माथ्यावर गोल चकती, आणि तिच्यातून वर निघालेला एक लांब दांडा. वार जोराचा करावयाचा झाल्यास दुसऱ्या हाताने हा दांडा धरता येई. मुठीच्या तळापासून दोन लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना चिकटून काही अंतर खाली उतरतात आणि खिळ्यांनी पात्याशी जखडलेल्या असतात. परदेशी पात्याला देशी मुठीत घट्ट धरणारे हे जणू दोन हात.

येथे जर्मन आणि मराठी पद्धतीतला मुख्य भेद दिसतो. जर्मन तलवारीत पात्याचा मागचा निमुळता दांडा संपूर्ण मुठीतून आरपार जातो आणि माथ्यावर ठोकून पसरविला जातो किंवा चाकीने आवळला जातो. आपल्याकडच्या तलवारीत तो दांडा आखूड असतो. मूठ आतून पोकळ. तिच्यात लाखेसारखे चिकट मिश्रण तापवून ओतावयाचे आणि पात्याचा दांडा त्यात रोवावयाचा. ते थंड झाले की दगडासारखे घट्ट बसते. याचा फायदा असा, की पाते मोडले तर मूठ तापवून दुसरे पाते बसविता येई. एकाच मुठीने दोन-तीन पिढ्यांत दोन-तीन पाती पाहिली असणेही अशक्य नाही. घराण्याची खरी वस्तू पुष्कळदा मूठच असे.

मुठीवरच्या सोन्याच्या नक्षीला कोफ्तगारी म्हणतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी ओरखडून तो खरखरीत करावयाचा; त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार नक्षीप्रमाणे मांडून हलक्या हातोडीने ठोकावयाची; मग गुळगुळीत दगडाने घोटावयाची. तार त्या ओरखड्यांत रुतून बसते. सोन्याचा थर किती पातळ असेल याची कल्पना करा! चिंच, लिंबू, विटकरीची पूड किंवा पॉलिशकागद यांपुढे तो दोन मिनिटेही टिकत नाही. आमच्या मुलुंडच्या गृहस्थांना ज्या "पिवळ्या रेषाबिषा" वाटल्या, त्या हेच सोन्याचे काम असण्याचा फार संभव आहे.

म्यानालाही साज असतो. त्याच्या तोंडावरचे धातूचे बोंड ते मोहनाळ, आणि टोकावरचे ते तैनाळ. लाकडी म्यान कुजले की हे दोन्ही तुकडे घरात कोठेतरी डब्यात पडलेले असतात. कशाचे आहेत हे कोणाला ठाऊक नसते, आणि एक दिवस तेही मोडीत जातात.

दोन तलवारींची साक्ष

साजावरून तलवार आपली ठरते, हे मी नुसते बोलण्यासाठी बोलत नाही. दोन प्रसिद्ध उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण 'जगदंबा' तलवारीचे. 1875-76 साली इंग्लंडचा युवराज, जो पुढे सातवा एडवर्ड झाला, हिंदुस्थानात आला. त्या वेळी कोल्हापूरच्या छत्रपतींकडून शिवाजीमहाराजांची म्हणून जपलेली ही तलवार त्याला दिली गेली. ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय आहे आणि त्याच्या पन्हळीत आय-एच-एस ही अक्षरे उमटविलेली आहेत. ख्रिस्ताच्या नावाची ही संक्षिप्त खूण युरोपच्या पात्यांवर सर्रास आढळते. म्हणजे पात्यावर ख्रिस्ताचे नाव, आणि तलवारीचे नाव जगदंबा! ज्यांनी ती नावाजली त्यांना यात काही विपरीत वाटले नाही. लोखंड कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हाती आणि कोणत्या कार्यासाठी आहे, हे त्यांच्या लेखी मोठे होते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. नागपूरकर भोसल्यांच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी भोसले; शाहू छत्रपतींनी ज्यांना 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला आणि ज्यांच्या फौजा 1740 नंतरच्या दशकात बंगालपर्यंत पोहोचल्या, तेच हे. त्यांच्या नावाची एक तलवार 2025 सालच्या एप्रिल महिन्यात लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती 47 लाख 15 हजार रुपये खर्चून घेतली आणि ऑगस्ट 2025 मध्ये ती मुंबईस आणली. या तलवारीचेही पाते युरोपीय बनावटीचे, सरळ आणि एकधारी आहे. मूठ मुल्हेरी पद्धतीची, सोन्याच्या कोफ्तगारीने मढविलेली. आणि पात्याच्या पाठीजवळ देवनागरीत सोन्याने लेख आहे : 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'.

या लेखातला शेवटचा शब्द पाहा. पाते फिरंगी आहे हे लपविण्याचा कोणताही प्रयत्न नाही. उलट सोन्याच्या अक्षरांत ते मिरविले आहे. आणि ही तलवार ओळखली गेली कशावरून? पात्याच्या पोलादावरून नव्हे. तशी पाती हजारो आली असतील. ती ओळखली गेली येथे चढविलेल्या सोन्यावरून, लेखावरून आणि मुठीवरून. तो साज कोणी घासून काढला असता तर लंडनमध्ये तिला कोणी विचारले नसते, आणि आपणही तिला घरी आणू शकलो नसतो.

जमविणाऱ्याने काय पाहावे?

जुन्या तलवारी जमविण्याची हौस आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी घरोघर आणि बाजारोबाजार हिंडून जमविलेला संग्रह 1975 साली सरकारला देऊन टाकला, तेव्हा त्यात अडकित्ते, दिवे आणि वाद्यांबरोबर शस्त्रेही होती. एका माणसाची हौस पुऱ्या समाजाची ठेव झाली. पण हौशीला डोळा पाहिजे, नाहीतर बाजार तिचा फायदा घेतो.

बाजारातली सर्वांत मोठी फसवणूक म्हणजे लावून दिलेले लग्न : जुने पाते आणि नवी मूठ, किंवा एका तलवारीची मूठ आणि दुसरीचे पाते. हे ओळखण्याची काही साधी गमके सांगतो. पात्याचा आणि मुठीचा गंज एकाच वयाचा दिसला पाहिजे. पात्याला खड्डे पडले आहेत आणि मूठ मात्र गुळगुळीत, असे असेल तर शंका घ्यावी. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत वाकून पाहावे. जुन्या जोडात काळपट लाख आणि धूळ दिसते, नव्या जोडात आजच्या कारखान्यातला चकचकीत डिंक. सोन्याची नक्षी जेथे तळहात टेकतो तेथे जास्त झिजलेली आणि कोपऱ्याकानांत शिल्लक असावयास पाहिजे. सर्वत्र सारखीच झिजली असेल तर ती कागदाने झिजविली आहे असे समजावे. लांडग्याची किंवा अर्धचंद्राची खूण अगदी ठळक आणि ताजी असेल तर आनंदाने उडी मारण्याआधी दोनदा विचार करावा. आणि विकणारा जितकी मोठी कथा सांगेल तितकी मोठी किंमत तो मागतो, हे विसरू नये. कथा नव्हे, वस्तू विकत घ्यावी.

डोळा तयार करण्याचा उपाय एकच : खात्रीच्या वस्तू पुष्कळ पाहावयाच्या. आपल्या उपनगरांतून आगगाडीने चर्चगेट किंवा बोरीबंदर गाठले की तेथून थोड्या अंतरावर, 1922 साली लोकांना खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तेथील शस्त्रांच्या दालनात एक दुपार काढावी आणि पाती सोडून फक्त मुठी पाहाव्यात. त्या दुपारी जे कळेल ते दहा पुस्तकांतून कळणार नाही.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. तलवार हे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येणारे हत्यार आहे. घेण्यापूर्वी किंवा घरात ठेवण्याविषयी शंका असल्यास पोलीस ठाण्यात रीतसर चौकशी करावी. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशातल्या नातेवाईकाला आठवण म्हणून नेऊ देण्याचा मोह आवरावा.

घरात असेल तर काय करावे?

संग्रह करणारे थोडे; पण घरात एखादी जुनी तलवार असणारी कुटुंबे या सभेतही असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

मूठ काढू नका, बदलू नका. ती हलत असेल तर तशीच राहू द्या. पात्याला पॉलिशकागद, आम्ल, चिंच यांतले काही लावू नका. तांबडा, पावडरीसारखा सुटणारा गंज असेल तर मऊ कापडाने हलकेच पुसा आणि हलक्या यंत्रतेलाचा अगदी पातळ हात द्या. सोन्याच्या नक्षीवर मात्र घासू नका. उघड्या हाताने पाते धरल्यास घामाच्या बोटांचे ठसे चार दिवसांत गंजून वर येतात, म्हणून सुती मोजे घाला. आपल्या मुंबईची हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात ओल धरते, म्हणून पावसाळ्यात पाते म्यानाबाहेर काढून कोरड्या सुती कापडात गुंडाळा. म्यान टाकू मात्र नका. मोहनाळ, तैनाळ, सुटलेला खिळा, सारे एका डब्यात घालून तलवारीजवळच ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम कागद-पेन्सिलीचे आहे. ही तलवार कोणाकडून कोणाकडे आली, मूळ गाव कोणते, घरातली वडील मंडळी तिच्याविषयी काय सांगत, हे आजच लिहून काढा आणि खाली तारीख घाला. जे ठाऊक आहे ते आणि जे नुसते ऐकिवात आहे ते, अशा दोन बाजू वेगळ्या ठेवा. मुठीची, खुणांची आणि जोडाची छायाचित्रे काढा. गंज चढावयास वर्षे लागतात. आजी गेली की तिच्याबरोबर जाणारी माहिती एका रात्रीत जाते.

शेवटी एक शंका मनात येईल तिचे उत्तर देतो. पराक्रम आपला आणि पाते दुसऱ्याचे, यात कमीपणा नाही का? मला तसे वाटत नाही. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा 1721 सालची. भीमाशंकराची 1729 सालची. त्या घंटा ओतल्या युरोपीय धर्तीवर, चर्चसाठी. पण गोदावरीच्या पुराचे पाणी त्या घंटेला लागले म्हणजे पूर किती आला हे सारे नाशिक शहर ओळखते. ती घंटा परकी आहे असे म्हणण्याचे कोणाला सुचणारही नाही. जी वस्तू आपण कामाला लावली, जिला नाव दिले, जिच्यावर आपले सोने चढविले, ती आपली झाली.

त्या मुलुंडच्या गृहस्थांना मी हेच सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भंगारवाला नेहमीचाच आहे. उद्या विचारून पाहतो." मूठ मिळाली नाही, एवढ्या दिवसांनी ती कशी मिळणार? पण पुढल्या दसऱ्याला मी गेलो तेव्हा ती नवी पितळी मूठ काढलेली होती. पाटावर नुसते पाते ठेवलेले होते, आणि शेजारी वहीचा एक कागद. त्यावर गृहस्थांच्या नव्वदीतल्या आत्यांनी सांगितलेले नऊ-दहा ओळींत उतरवून घेतले होते : मूठ काळी होती, परज रुंद होती, माथ्यावर बोटभर दांडा होता, आणि लहानपणी त्या परजेवरची सोनेरी वेल आत्या बोटाने गिरवीत असत.

पात्याइतकीच हळदकुंकवाची बोटे त्या कागदावरही उमटलेली होती. माझ्या मते त्या दिवशी पाटावर पूजेला ठेवलेली सर्वांत मौल्यवान वस्तू तो कागद होता. आपल्या घरी अजून मूठ शाबूत असेल, तर आपल्याला कागदावर समाधान मानावे लागणार नाही. आज घरी गेल्यावर माळ्यावरचे ते गाठोडे एकदा उघडून पाहा, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.